मुलांचा हातखर्च : किती, केव्हा आणि कोणत्या कराराने

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात मूल दुसरी-तिसरीत गेले, त्याला नाणी ओळखता येऊ लागली, वर्गसोबत्यांनी स्वतःच्या पैशांनी काय काय विकत घेतले याच्या वार्ता रोज घरी येऊ लागल्या आणि शाळेतल्या पुस्तकजत्रेची रंगीत पत्रके दप्तरातून डोकावू लागली, म्हणजे एक प्रश्न हटकून उपस्थित होतो : याला दर आठवड्यास हातखर्चासाठी काही द्यावे काय, आणि द्यावयाचे तर किती? पुणे, नाशिक किंवा नागपूर येथे वाढलेल्या आईबापांना या प्रश्नाचे उत्तर आपल्या बालपणात सापडत नाही. कारण त्या काळी पैसा मुलाच्या हाती येई तो प्रसंगाने येई, पाहुणे निघताना, जत्रेच्या दिवशी, भाऊबीजेच्या ताटात. नेमाने आणि हक्काने मिळणारी रक्कम ही कल्पनाच बहुतेक घरांना अपरिचित होती. साहजिकच काही पालक डॉलरचे मनातल्या मनात रुपये करतात आणि पाच डॉलरही त्यांना उधळपट्टी वाटते. तर काही पालक शेजारच्या घरी काय देतात याची चौकशी करून, आपण कद्रू ठरू नये एवढ्यासाठी, त्याहून दोन डॉलर अधिक देऊन मोकळे होतात.

या दोन्ही मार्गांत दोष एकच आहे. ‘किती’ हा प्रश्न त्यांत पहिला विचारला जातो. वस्तुतः तो शेवटचा आहे. हातखर्च देणे म्हणजे घरखर्चातील काही ठरावीक बाबींवरचा आपला अधिकार मुलाच्या स्वाधीन करणे होय. कोणत्या बाबी स्वाधीन करावयाच्या हे एकदा निश्चित झाले, की रक्कम त्रैराशिकासारखी आपोआप निघते. आणि ते निश्चित झाले नाही, तर दोन डॉलर असोत की वीस, ते केवळ खाऊच्या पैशांचे आठवडी हप्ते होतात.

प्रथेचे मूळ

ही प्रथा अमेरिकेतही फार प्राचीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येथील श्रमजीवी कुटुंबांतील मुले गिरण्यांत, कारखान्यांत आणि रस्त्यावर वर्तमानपत्रे विकून पैसा मिळवीत, आणि तो बहुधा न मोजता आईच्या हाती देत. पुढे सक्तीचे शिक्षण आले, बालमजुरीविरुद्ध कायदे होऊ लागले, आणि १९३८ च्या केंद्रीय श्रमकायद्याने त्या चळवळीवर शिक्कामोर्तब केले. मूल मिळवते राहिले नाही. परंतु त्याच काळात सिनेमा, मिठाई आणि खेळणी यांचा बाजार मात्र त्याच्यापुढे मांडला गेला. मिळकत नाही आणि मोह मात्र आहे, अशा अवस्थेतील मुलाने पैशाचा व्यवहार शिकावा कसा, या विवंचनेतून शिक्षणतज्ज्ञांनी नियमित हातखर्चाचा पुरस्कार केला. चाइल्ड स्टडी असोसिएशन या संस्थेच्या सिडोनी ग्रूएनबर्ग यांनी आपले पती बेंजामिन यांच्यासह १९३३ मध्ये पालक, मुले आणि पैसा या विषयावर एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. हा सारा बदल कसा घडला याचे साक्षेपी विवेचन समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलिझर यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात केले आहे. तात्पर्य, हातखर्च हा प्रारंभापासून शिक्षणाचा उपक्रम म्हणून सुचविला गेला होता, आणि आपणही तो त्याच दृष्टीने हाती घ्यावा हे उचित.

यादी आधी, रक्कम मागाहून

एका निवांत संध्याकाळी आईने आणि वडिलांनी मिळून, प्रथम मुलाच्या अनुपस्थितीत, गेल्या दोन महिन्यांत त्याच्यासाठी झालेल्या किरकोळ खर्चाची टाचणे काढावीत. आइस्क्रीमची गाडी, चिकटचित्रे, संग्रहाची कार्डे, पुस्तकजत्रा, मित्रांच्या वाढदिवसाच्या भेटी, सिनेमा, संगणकावरील खेळांतली नाणी, असे त्याचे दहा-बारा रकाने होतील. यांपैकी ज्यांत मुलाचा निर्णय चुकला तरी त्याच्या अन्नाला, आरोग्याला किंवा शिक्षणाला बाध येणार नाही, असे दोन-तीन रकाने पहिल्या वर्षी त्याच्याकडे द्यावेत. बाकीचे आपल्याकडे ठेवावेत. शाळेतले दुपारचे जेवण, थंडीचा कोट, शिकवणीची फी या बाबी हातखर्चात कधीही घालू नयेत. कारण ज्या खर्चात काटकसर करणे म्हणजे उपाशी राहणे, तो खर्च मुलाच्या हाती देणे हे शिक्षण नसून संकट आहे.

एक नमुना पाहू. समजा, मुलगी आठ वर्षांची आहे. आठवड्याचा खाऊ दोन डॉलर, खेळणी व कार्डे दोन डॉलर आणि पुस्तकजत्रेसाठी बाजूला टाकावयाचा एक डॉलर, असे खर्चाचे पाच डॉलर झाले. त्यांत शिलकीसाठी दीड आणि दानासाठी अर्धा मिळविला, की नेमणूक सात डॉलरांची ठरली. या देशात मुलाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे आठवड्यास अर्धा ते एक डॉलर असा एक ठोकताळा प्रचलित आहे. न्यूयॉर्क टाइम्सचे अर्थविषयक स्तंभलेखक रॉन लीबर यांनीही आपल्या २०१५ च्या पुस्तकात तोच आरंभबिंदू म्हणून सुचविला आहे. त्या हिशेबाने आठ वर्षांच्या मुलीस चार ते आठ डॉलर पडतात, आणि आपली रक्कम त्या मर्यादेत बसते. ठोकताळा हा असा पडताळ्यासाठी वापरावा. त्यालाच आधार मानू नये.

बारा वर्षांच्या मुलाचे गणित त्याहून वेगळे. मित्रांबरोबरचे खाणे पाच डॉलर, महिन्यातून एका सिनेमाचा आठवड्यास पडणारा वाटा तीन, खेळांतली नाणी दोन आणि मित्रांच्या भेटी दोन, असे बारा. शिल्लक तीन आणि दान एक मिळून सोळा डॉलर. वयाच्या ठोकताळ्याहून ही रक्कम मोठी आहे, आणि ती पाहून काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडतील. तथापि हे ध्यानात घ्यावे, की सिनेमाचे तिकीट आणि भेटवस्तू यांचे पैसे आजवर त्याच घरातून, आईच्या पर्समधून, जातच होते. घराचा खर्च फारसा वाढला नाही. त्याची सही बदलली. किंबहुना ज्या घरी हातखर्चही चालू आहे आणि दुकानात मुलाने बोट दाखविताच पालकांचे कार्डही बाहेर येते, त्या घरी हातखर्चाची रक्कम कितीही लहान असली तरी ती अधिकच आहे.

रक्कम योग्य आहे की नाही याची कसोटी तीन महिन्यांनी घ्यावी. मुलाला एकदाही मन मारावे लागले नाही, पैसे नुसते साचत आहेत आणि त्याला त्यांची आठवणही होत नाही, तर रक्कम मोठी आहे किंवा सोपविलेल्या बाबी थोड्या आहेत. उलट यादीतील साध्या गोष्टीही दर आठवड्याला अपुऱ्या पडतात आणि पुढच्या वारापूर्वी उचल मागण्याची पाळी नेमाने येते, तर ती लहान आहे. ज्या रकमेत दोन इच्छांपैकी एक सोडावी लागते, पण आठ वर्षांच्या मुलाला पाच-सहा आठवडे धीर धरला तर मनातली एखादी वस्तू खरोखर मिळविता येते, ती रक्कम बरोबर समजावी. सहा महिने थांबावे लागेल असे ध्येय लहान मुलापुढे ठेवल्यास ते काटकसर शिकत नाही, नाद सोडून देते.

भावंडांना समान रक्कम द्यावी की वयाप्रमाणे, हा वाद प्रत्येक घरात होतो. यादी हाती असली, की त्याचाही निवाडा सोपा आहे : थोरल्याला अधिक मिळते ते तो थोरला म्हणून नव्हे, त्याच्याकडे खर्चाच्या बाबी अधिक आहेत म्हणून. वाढही वाढदिवसाच्या दिवशी, नवी एखादी बाब सोपवूनच द्यावी.

घरकामाची मजुरी द्यावी काय

हातखर्च घरकामाशी जोडावा की न जोडावा, यावर या देशात दोन तट आहेत. डेव्ह रॅम्झी यांच्यासारखे सल्लागार म्हणतात, की बसून मिळालेला पैसा मुलाला बिघडवितो, म्हणून काम केले तरच दाम द्यावा. लीबर म्हणतात, की घरातील काम हे घरातला घटक म्हणून करावयाचे असते आणि हातखर्च हे शिकण्याचे साधन आहे, म्हणून दोहोंची गाठ मारू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या परिसरातील बालवाडीत लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे उद्बोधक ठरेल. चित्रे काढण्याची आवड असलेल्या काही मुलांना चित्रांबद्दल प्रशस्तिपत्रक मिळेल असे आधी सांगण्यात आले. पुढे बक्षिसाचा विषय निघेनासा झाल्यावर तीच मुले, बक्षीस न सांगितलेल्या मुलांच्या मानाने, स्वतः होऊन चित्रे काढण्यात बराच कमी वेळ घालवू लागली. ताटे वाढणे म्हणजे चित्रे काढणे नव्हे, हे खरे; पण जे मूल आपल्या खुशीने ताटे-पाणी घेत होते, त्याला त्याचे पैसे देऊ लागल्यास ‘आज मला पैसे नकोत, म्हणून मी काम करणार नाही’ असे तर्कशुद्ध उत्तर एक दिवस ऐकावे लागेल, आणि त्याचे खंडन करता येणार नाही.

व्यवहारात मध्यम मार्ग उपयुक्त आहे. स्वतःचे अंथरूण घालणे, ताटे उचलणे, धाकट्या भावंडाला बूट घालण्यास मदत करणे या गोष्टींना मोल नाही. त्या टाळल्यास घरातील इतर शिक्षा आहेत, हातखर्चाला हात लावू नये. परंतु नित्याच्या कामापलीकडची जी कामे आपण एरव्ही मजुरी देऊन करवून घेतली असती, म्हणजे गाडी धुणे, शरदातला पानांचा ढीग गोळा करणे, हिमवर्षावानंतर अंगणातली वाट मोकळी करणे, त्यांचा दर आधी ठरवून ठेवावा आणि काम पुरे झाल्यावर तेथल्या तेथे चुकता करावा. अर्धे काम केल्यास अर्धे पैसे देण्याची दया दाखवू नये. परीक्षेतील गुणांसाठी मात्र पैसे देण्याची प्रथा आपल्या घरात न येऊ दिलेली बरी; अभ्यासाचे दर ठरू लागले, की मूल सवलतीचा विषय शोधू लागते.

करार, वार आणि हिशेब

जगातील अत्यंत धनाढ्य घराण्यात हा व्यवहार किती काटेकोरपणे होई, याचे एक अस्सल उदाहरण उपलब्ध आहे. जॉन डी. रॉकफेलर कनिष्ठ यांनी आपला चौदा वर्षांचा पुत्र जॉन याच्याशी १ मे १९२० पासून अमलात येणारा एक चौदा कलमी लेखी करार केला. आठवड्याची नेमणूक दीड डॉलर. ज्या आठवड्यात हिशेब बिनचूक आणि वडिलांचे समाधान होईल असा ठेवला जाईल, त्याच्या पुढच्या आठवड्यात दहा सेंटांची वाढ, मात्र दोन डॉलरांची कमाल मर्यादा. हिशेब नीट नसेल तर दहा सेंटांची कपात. किमान वीस टक्के दानधर्मासाठी आणि किमान वीस टक्के शिलकीसाठी. त्या वीस टक्क्यांहून अधिक जी रक्कम मुलगा शिलकीत टाकील तिच्याएवढीच भर वडिलांकडून. आणि उभय पक्षांच्या संमतीने बदल होईपर्यंत करार चालू. त्या काळचे दीड डॉलर म्हणजे आजचे सुमारे तेवीस-चोवीस. तेलाच्या साम्राज्याच्या वारसाला, आजच्या मोलाने, आपल्या मध्यमवर्गीय घरातील मुलाला मिळतात त्याहून फार अधिक पैसे मिळत नव्हते, ही गोष्ट ‘आपल्याला परवडते, मग द्यायला काय हरकत आहे’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

या करारातून आपण तीन गोष्टी उचलाव्यात. पहिली, तो लेखी असावा. एका कागदावर रक्कम, वार, सोपविलेल्या बाबी आणि मनाई असलेल्या वस्तू लिहून खाली दोन्ही पक्षांनी सह्या कराव्यात. नुकतेच मराठी शाळेत अक्षरे गिरवू लागलेल्या मुलाला आपली देवनागरी सही उपयोगी पडण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असेल. दुसरी, शिलकीत भर. मुलाने एक डॉलर शिल्लक टाकला की आपण पाव किंवा अर्धा डॉलर घालावा, किंवा महिन्याच्या अखेरीस शिलकीवर ठरावीक व्याज द्यावे. बँकेच्या व्याजाचे चार-दोन सेंट आठ वर्षांच्या मुलाच्या नजरेत भरत नाहीत, घरच्या पेढीचे व्याज भरते. तिसरी, हिशेब. एका साध्या वहीत जमा, खर्च आणि शिल्लक असे तीन रकाने पुरेत. त्यांतील खर्चावर टीका करू नये. बेरीज चुकली असेल तर ती मात्र सुधारून घ्यावी. जमाखर्चाची ही सवय आपल्याकडे नवी नाही. महाराष्ट्रातील शाळांत ‘संचयिका’ या नावाने विद्यार्थ्यांची बचत बँक चाले, आणि आज नातवंडांकडे आलेल्या कित्येक आजी-आजोबांनी तिच्या पुस्तिकेत चार-आठ आण्यांच्या नोंदी केलेल्या असतील. त्यांनाच या वहीचे तपासनीस नेमावे.

पैसे देण्याचा वार कधी चुकवू नये. शनिवारची सकाळ सोयीची. बँकेतून एक-एक डॉलरच्या नोटा आधीच आणून ठेवाव्यात, कारण वीसची नोट दाखवून ‘सुटे नाहीत, पुढच्या आठवड्यात एकदम देतो’ असे म्हणणारा पालक स्वतःच उधारीचा पहिला धडा घालून देतो. आपल्या हातून एखादा शनिवार राहून गेला, तर थकबाकी पूर्ण द्यावी. उचल द्यावी काय? वर्षातून एक-दोनदा, लिहून आणि पुढल्या हप्त्यांतून वळती करून घेण्याच्या अटीवर, द्यावयास हरकत नाही. कर्ज फेडताना पुढचे आठवडे किती लांबतात हे मुलाला घरातच कळलेले चांगले.

आणि एकदा पैसे दिले, की हात आवरावा. सोपविलेल्या बाबीत मुलाने चार आठवड्यांची शिल्लक एका भिकार प्लास्टिकच्या खेळण्यात घातली आणि ते संध्याकाळपर्यंत मोडले, तरी ‘मी सांगितले नव्हते का’ हे वाक्य गिळावे आणि दुसरे खेळणे घेऊन देण्याचा मोहही आवरावा. आठव्या वर्षी नऊ डॉलरांत मिळालेला हा अनुभव अठराव्या वर्षी नऊशे डॉलरांना मिळतो. मनाई फक्त दोन प्रकारच्या खरेदीस असावी : जी धोक्याची आहे ती, आणि जी घराच्या लिखित नियमांविरुद्ध आहे ती.

रोकड, कार्ड आणि पडद्यावरची नाणी

दहा वर्षांपर्यंत रोकडच द्यावी. खर्च, शिल्लक आणि दान अशा तीन पारदर्शक बरण्या पुरेत. लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या चालतात. रोकडीचा एक लाभ असा, की दुकानाच्या गल्ल्यापाशी मुलाला कराचा परिचय होतो. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे, त्यामुळे ९.९९ डॉलरची चिठ्ठी लावलेले खेळणे दहाची नोट देऊन मिळत नाही, त्याचे १०.६५ होतात. कपड्यांवर मात्र त्याच राज्यात हा कर नाही, आणि ऑरेगन, न्यू हॅम्पशर, डेलावेअर व माँटाना या राज्यांत सर्वसाधारण राज्य विक्रीकरच नाही. हे का, असा प्रश्न मुलाने विचारला, की नागरिकशास्त्राचा एक उत्तम पाठ अनायासे सुरू होतो.

पुढे डेबिट कार्ड द्यावयाचे झाल्यास फी पाहावी. मुलांसाठीच काढलेल्या काही कार्डांना महिन्याकाठी पाच डॉलर किंवा त्याहून अधिक आकार पडतो. आठवड्याला आठ डॉलर मिळणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो आकार त्याच्या प्राप्तीच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका होतो. कित्येक बँका पालकाच्या खात्याशी जोडलेले मुलाचे खाते फीशिवाय उघडून देतात. आधी तेथे विचारावे.

खरा जपण्याचा विषय पडद्यावरच्या नाण्यांचा. रोब्लॉक्स किंवा फोर्टनाइट यांसारख्या खेळांत खऱ्या डॉलरांची रूपांतरे खेळातल्या चलनात होतात, आणि एकदा झाली की त्यांचे वजन मुलाला जाणवत नाही. फोर्टनाइटची कंपनी एपिक गेम्स हिने ग्राहकांना, त्यांत मुलेही आली, फसव्या रचनेने नको असलेल्या खरेदीत ओढल्याच्या आरोपावरून केंद्रीय व्यापार आयोगाशी डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड केली आणि परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. म्हणून पालकांचे कार्ड कोणत्याही खेळाच्या खात्यास जोडून ठेवू नये. मुलाने आपल्या बरणीतली रोकड मोजून द्यावी, तिच्या बदल्यात तेवढ्याच किमतीचे भेटकार्ड घ्यावे, आणि वहीत डॉलरांत नोंद करावी.

ओवाळणी, आजोबा आणि दान

भारतातून उन्हाळ्यात आलेले आजी-आजोबा, भाऊबीज, मुंज आणि वाढदिवस यांमुळे मराठी घरात हातखर्चाच्या बाहेरून पैसा येतो, आणि कधी तो वर्षाच्या नेमणुकीहूनही मोठा असतो. त्यासाठी आधीच एक नियम असावा : ठरावीक रकमेपर्यंतची, उदाहरणार्थ वीस डॉलरपर्यंतची, भेट मुलाची; त्यावरील रकमेचा मोठा भाग त्याच्या नावच्या बँक खात्यात, आणि ती पावती मुलाला दाखवून. निघताना आजोबांनी मुठीत कोंबलेली पाचाची नोट मात्र कोणत्याही रकान्यात घालण्याचा आग्रह धरू नये. तिचा हिशेब आजोबांच्या आणि नातवंडाच्या दरम्यानच राहू द्यावा.

दानाच्या बरणीचे काय करावयाचे हे मुलाने ठरवावे. गावातील अन्नपेढी, मोकाट प्राण्यांचा आसरा, किंवा महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थेमार्फत मायदेशातील एखादे काम. वर्षातून एकदा, शक्य तर प्रत्यक्ष जाऊन किंवा स्वतःच्या अक्षरात पत्र लिहून, ते पैसे पोचते करावेत. दान गुप्तपणे आईबापांनीच भरून टाकले, तर त्या बरणीचा उपयोग उरत नाही.

चौदा वर्षांनंतर

पंधराव्या वर्षाच्या सुमारास आठवड्याची नेमणूक महिन्यावर न्यावी आणि कपड्यांसारखी मोठी बाब सोपवावी. गेल्या वर्षीच्या पावत्यांवरून कपड्यांचा खर्च ७२० डॉलर निघाला, तर महिन्याला साठ डॉलर द्यावेत. मग मुलाने एका बुटाच्या जोडावर दीडशे डॉलर खर्चिले, तर पुढचे अडीच महिने जुनी जीन्स वापरावयाची हे त्याचे त्यानेच मान्य केलेले असते. थंडीचा कोट आणि शाळेला लागणारे विशेष कपडे पूर्वीप्रमाणे आपल्याकडेच ठेवावेत.

याच वयात मिळकतीचे दार उघडते. केंद्रीय कायद्याप्रमाणे शेतीखेरीज बहुतेक नोकऱ्यांत किमान वय चौदा असून, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास शाळेच्या दिवशी तीन तासांहून आणि शाळेच्या आठवड्यात अठरा तासांहून अधिक काम देता येत नाही. काही राज्यांचे निर्बंध याहूनही कडक आहेत. मूल मिळवू लागले म्हणून हातखर्च ताबडतोब बंद करू नये. तसे केल्यास कष्टाचे फळ दंड म्हणून पदरात पडते. मिळकतीचा काही भाग निवृत्तिखात्यात घालण्याची सोय आहे : पालकाच्या देखरेखीखालील रॉथ खात्यात मुलाला आपल्या कमाईइतकी, पण २०२५ सालच्या हिशेबाने सात हजार डॉलरांपर्यंतच, रक्कम ठेवता येते. हातखर्च ही कमाई नव्हे, तेव्हा ती या खात्यास चालत नाही.

आपल्या लोकांत एक अडचण अशी आहे, जिची चर्चा अमेरिकन पुस्तकांत सहसा आढळत नाही. पुण्यात जन्मून एच-४ व्हिसावर येथे आलेल्या मुलास कामाच्या परवान्यावाचून नोकरी करता येत नाही. येथेच जन्मलेले त्याचे धाकटे भावंड मात्र चौदाव्या वर्षी आइस्क्रीमच्या दुकानात खुशाल उभे राहू शकते. वर्गातील सारे सवंगडी उन्हाळ्यात कमावीत असता थोरल्याला हात बांधून बसावे लागते, आणि त्याचे कारण त्याच्या आळसात नसते. अशा मुलाच्या यादीत अधिक बाबी घालून रक्कम वाढवावी, घरचे एखादे मोठे खाते, उदाहरणार्थ आठवड्याच्या किराणा मालाची खरेदी, त्याच्या हाती द्यावे, आणि यामागचे कारण त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. त्याचप्रमाणे एच-१बी व्हिसावरील पालकाची नोकरी सुटली आणि नवी शोधण्यासाठी जेमतेम साठ दिवस उरले, तर हातखर्च गुपचूप आटवू नये. करार उभयतांच्या संमतीने बदलतो, तेव्हा मुलाला बसवून, कोणत्या बाबी काही काळ स्थगित ठेवता येतील असे विचारावे. आकडे लपविलेल्या घरातील मुले काळजी अधिक करतात; ज्यांना त्यांच्या वाट्याचा आकडा ठाऊक असतो, ती बहुधा स्वतःच पहिली काटछाट सुचवितात.

अठराव्या वर्षी मूल वसतिगृहात जाईल तेव्हा संपूर्ण सत्राची रक्कम एकदम देता येईल इतकी त्याची तयारी झालेली असणे, हे या साऱ्या उपक्रमाचे माप आहे. २००९ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील तरुणास स्वतःची पुरेशी प्राप्ती किंवा जामीनदार यांवाचून क्रेडिट कार्ड मिळत नाही. पण एकविसावे वर्ष उलटताच हे कुंपण नाहीसे होते, आणि मग वहीतल्या तीन रकान्यांची सवय तेवढी उरते. म्हणून रकमेवर काथ्याकूट करण्यात आणखी एक महिना घालवू नये. येत्या शनिवारी दोनच बाबी निवडाव्यात, त्यांचा खर्च मोजावा, त्यात शिल्लक आणि दान मिळवावे, कागदावर सह्या घ्याव्यात आणि नोटा मुलाच्या हाती मोजून द्याव्यात. आकडा एक-दोन डॉलरांनी चुकला असेल, तर तीन महिन्यांनी मूलच तो दुरुस्त करून मागेल, आणि त्या वेळी त्याने कारणे मांडून मागितले, तर करार ठरल्याप्रमाणे काम करीत आहे असे समजावे.